माळ्यावरचं पिस्तूल: खरं किती, जोडलेलं किती, मोलाचं किती

ठाण्याच्या चरईतलं माझ्या भाच्याचं जुनं घर यंदा रिकामं झालं. बिल्डरशी करार होऊन गेला होता, दिवाळीआधी किल्ल्या द्यायच्या होत्या. माळ्यावरून घंगाळं उतरली, पाटा उतरला, तीन पिढ्यांची पंचांगं उतरली, आणि सगळ्यात शेवटी पत्र्याच्या ट्रंकेतून धोतराच्या पानात गुंडाळलेलं एक पिस्तूल निघालं. भाच्याचा फोन आला तो असा: "मामा, पेशव्यांनी दिलेलं पिस्तूल सापडलं. तू बघून सांग, किती येतील? तिघांत वाटणी आहे."

मी शस्त्रांचा तज्ज्ञ नाही. वागळे इस्टेटमध्ये टूलरूममध्ये नोकरी केली. त्यामुळे लोखंड ओतलंय की घडवलंय, आटे हाताने कापलेत की लेथवर, हे बोटांना कळतं. जुन्या हत्यारांचा नाद गडांवर फिरता फिरता लागला. त्या एका संध्याकाळी जे पाहिलं आणि नंतर भाच्याने काढलेल्या फोटोंवरून जे कळलं, ते इथे लिहितो. ठाण्यात काय किंवा नव्या मुंबईत काय, जुनी घरं आणि जुनी गावठाणं पाडली जात आहेत, म्हणजे अशा ट्रंका आणखीही उघडणार.

सगळ्यात आधी, ते भरलेलं आहे का? हसू नका. ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या हत्यारातली काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेट घेते. कोणीतरी ठासून ठेवलं, उडवायची वेळ आली नाही, आणि ते तसंच ट्रंकेत गेलं, असं जगभर अनेकदा सापडलेलं आहे. त्यामुळे घोडा चढवून "टक्" करून बघायचा मोह आवरा. आम्ही पतंगाची कामटी घेतली. पिस्तुलाचं तोंड कोणाकडेही येणार नाही अशा बेताने कामटी नळीत हलकेच सोडली आणि तोंडाशी पेन्सिलने खूण केली. मग तीच कामटी नळीच्या बाहेरून धरली. तिचं टोक नळीच्या कानापर्यंत, म्हणजे ठिणगी आत जाते त्या बारीक छिद्रापर्यंत, पोचायला हवं. ते बरंच अलीकडे थांबलं तर आत काहीतरी आहे असं समजायचं, आणि ते काय आहे हे आपण उकरून बघायचं नाही. पिस्तूल खाली ठेवायचं आणि पोलीस ठाण्याला कळवायचं. आमची कामटी थेट पोचली.

मग दुसरी गोष्ट, जी भाच्याला अजिबात आवडली नाही: "हे घरात ठेवता येणार नाही."

"अरे, ते दोनशे वर्षांचं आहे! त्याला कसला परवाना?"

हा गैरसमज घरोघरी आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमात जुन्या हत्यारांना सूट आहे हे खरं. पण कलम 45 मधली ती सूट नीट वाचायची. जुन्या घाटाचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार, जे दुरुस्त करून किंवा न करता, कसंही बंदूक म्हणून वापरता येत नाही, त्याला कायदा लागू नाही. सगळा भार त्या शेवटच्या तुकड्यावर आहे. ठासणीचं पिस्तूल म्हणजे एका टोकाला बंद असलेली नळी आणि एक स्प्रिंग. ते दुरुस्त होणारच नाही असं मी टूलरूमवाला तर छातीठोकपणे म्हणू शकत नाही, आणि तुम्ही आम्ही ते ठरवायचंही नसतं. ते पोलिसांच्या शस्त्रतज्ज्ञांनी तपासून लेखी द्यायचं असतं. तोवर परवाना नसलेलं हत्यार घरात आहे एवढंच कायद्याला दिसतं, आणि त्याला तुरुंगवासाची तरतूद आहे.

वाट मात्र आहे. आजोबा-पणजोबांच्या नावे परवाना होता का, हे आधी शोधायचं. ट्रंकेच्या तळाशी, बँकेच्या लॉकरमध्ये, जुन्या सातबाऱ्यांच्या गठ्ठ्यात. मग जवळच्या पोलीस ठाण्यात अर्ज देऊन हत्यार जमा करायचं आणि पावती घ्यायची. ठाणे शहर आणि नवी मुंबई इथे पोलीस आयुक्तालय आहे, तेव्हा परवान्याचा विषय आयुक्त कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत जातो. ग्रामीण भागात तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे मूळ परवानाधारकाच्या वारसाला परवाना मिळू शकतो, बाकी वारसांची ना हरकत लागते, आणि 2019 पासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, वारशाची धरूनसुद्धा. वकिलाला दाखवून अर्ज करा, म्हणजे पोलीस ठाण्यात उभ्या उभ्या काहीतरी बोलून बसायला नको. आणि हो, व्हॉट्सॲपच्या कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो टाकू नका. भाच्याच्या मावसभावाने टाकलाच होता, तो काढायला लावला.

आता मुद्द्याचं. पिस्तूल खरं आहे का?

हा प्रश्नच मला थोडा चुकीचा वाटतो. लोकांना वाटतं, वस्तू एक तर अस्सल असते नाहीतर नकली. प्रत्यक्षात मधे बऱ्याच पायऱ्या असतात. एक पिस्तूल जसं बनलं तसंच्या तसं राहिलेलं असतं. दुसरं त्याच्याच काळात, वापरणाऱ्यानेच बदलून घेतलेलं असतं. तिसऱ्याचा एखादा भाग तुटल्यावर पुढे नवा बसवलेला असतो. चौथ्यात दोन मोडक्या पिस्तुलांचं मिळून एक केलेलं असतं, ज्याला आम्ही जोडकाम म्हणतो. आणि पाचवं भिंतीवर टांगायला म्हणून परवा-परवा बनवलेलं असतं. पहिल्या चारही पायऱ्यांत "जुनं लोखंड" असतंच. म्हणून "खरं का?" ऐवजी "यातलं काय काय कधीचं आहे?" असं विचारायचं आणि एकेका भागाला वेगळं वय विचारत जायचं.

भाच्याच्या पिस्तुलाचा घोडा हातोडीसारखा होता, पुढून पोकळ. नळीच्या बाजूला एक छोटी बोंडी होती, तिच्यावर तांब्याची टोपी बसते. घोडा टोपीवर आपटला की टोपीतला स्फोटक मसाला पेटतो आणि ठिणगी कानातून आत जाते. जुनी माणसं याला टोपीचं हत्यार म्हणत. त्याच्या आधीची तऱ्हा चकमकीची. घोड्याच्या तोंडात गारगोटी धरलेली, ती पोलादी पट्टीवर घासली की ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकावर, म्हणजे पेट घ्यायला ठेवलेल्या चिमूटभर दारूवर, पडायच्या, रंजक भडकून ती आग आत जायची. टोपीच्या मुळाशी एक स्कॉटिश पाद्री आहे, अलेक्झांडर फोर्साइथ. बदकांच्या शिकारीला जायचा, आणि वाटीतला भडका दिसला की पक्षी गोळी पोचायच्या आत उडून जायचे. त्या वैतागातून त्याने आपटून पेटणाऱ्या मसाल्याची युक्ती काढली आणि 1807 मध्ये पेटंट घेतलं. तांब्याची टोपी मात्र 1820 च्या दशकात रुळली, आणि फौजांपर्यंत ती 1840 च्या आसपास आली.

आता पेशवाई बुडाली 1818 मध्ये. म्हणजे बाजीराव पेशव्यांच्या हातून टोपीचं पिस्तूल मिळणं अवघडच. हे सांगितल्यावर भाच्याचा चेहरा पडला. त्या घरातल्या मामी तर माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मीच सवाष्णीचं कुंकू पुसलं.

पण इथे घाई करायची नसते. मी भिंग घेतलं आणि घोडा ज्या लोखंडी पाटीवर बसतो ती पाटी खिडकीशी तिरकी धरली. उजेड बाजूने आला की लोखंडावरचे उंचसखल भाग दिसतात. घोड्याच्या पुढे, पाटीच्या पृष्ठभागात तीन बारीक गोल टिकल्या दिसल्या, बाकी पाटीपेक्षा किंचित वेगळ्या रंगाच्या. आणि पाटीच्या वरच्या काठाला, जिथे आता काहीच नाही, तिथे कानशीने सपाट केलेली जागा. त्या टिकल्या म्हणजे बुजवलेली भोकं. तिथे कधीकाळी चकमकीची पोलादी पट्टी आणि तिची स्प्रिंग स्क्रूने धरलेली होती, आणि काठावर रंजकाची वाटी होती. पिस्तूल जन्मलं चकमकीचं, आणि पुढे कोणीतरी ते टोपीचं करून घेतलं. असं बदलकाम त्या काळात सर्रास व्हायचं. नवं घेण्यापेक्षा ते स्वस्त पडायचं. आपण नाही का, गॅस आल्यावर बंबाला बर्नर बसवून घेतले?

बदललेलं पिस्तूल न बदललेल्या चकमकीच्या पिस्तुलापेक्षा कमी किमतीचं, हा संग्राहकांचा नियम आहे. म्हणून काही हुशार लोक उलटा खेळ खेळतात: टोपीचं केलेलं पिस्तूल परत नवी पट्टी-वाटी बसवून चकमकीचं करतात आणि "अस्सल" म्हणून विकतात. ते ओळखायचं कसं? वाटीचा धातू आणि पाटीचा धातू एकसारखा झिजलेला आहे का, वाटीच्या आसपास रंजकाच्या आगीने खाल्लेले खड्डे दोन्हींवर जुळतात का, ते बघायचं. आग एकाच भागाला चाटून दुसऱ्याला सोडत नाही.

पाटीच्या मधोमध एक छाप होता. मागच्या पायांवर उभा राहिलेला, पुढच्या पायांत मुकुट धरलेला सिंह. हा ईस्ट इंडिया कंपनीचा. कंपनी आधी आपल्या हत्यारांवर बदामाच्या आकाराचं, चार भागांत अक्षरं घातलेलं, वर चारच्या आकड्यासारखी खूण असलेलं चिन्ह मारायची. हेच चिन्ह तिच्या मालाच्या गाठोड्यांवरही असायचं. 1808 पासून त्या जागी हा सिंह आला. म्हणजे पिस्तूल 1808 नंतरचं. नळी मोजली: नऊ इंच. व्हर्नियरने आतला व्यास घेतला: साडेसोळा मिलिमीटरच्या आसपास. कंपनीच्या घोडदळाच्या पिस्तुलांचं माप हेच. नळीच्या तोंडाशी ठासायचा गज एका कडीने जोडलेला होता, बिजागरीसारखा फिरणारा. घोड्यावर बसलेल्या माणसाच्या हातून गज खाली पडला तर संपलंच, म्हणून तो असा बांधून टाकलेला. सगळं एकमेकांशी जुळत होतं.

पेशव्यांची गोष्ट मग मेली का? तशी नाही. 1808 ते 1818 अशी दहा वर्षं उरतात, आणि त्या काळात पुण्यात कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला वकील, होता, फौज होती, आणि 1817 ला खडकीची लढाई झाली. अशा गडबडीत कंपनीचं पिस्तूल कोणाच्याही कमरेला जाऊ शकतं. पण "जाऊ शकतं" याला बाजारात पैसे मिळत नाहीत. पिस्तूल फक्त एवढंच म्हणतंय की मला कंपनीने बनवून घेतलं. पुढचं कागदाने म्हणायला हवं.

याच्या उलट, परवा-परवाचा माल कसा दिसतो? भिंतीवर टांगायची पिस्तुलं बाजारात भरपूर मिळतात. त्यांच्यावर बहुतेक वेळा मुकुट, जॉर्ज राजाची जीआर ही अक्षरं आणि इंग्रजीत टॉवर असा शब्द असतो, कारण तो शिक्का सगळ्यांच्या ओळखीचा. अक्षरांना नख लावून बघा. ठोकून मारलेल्या शिक्क्याच्या कडा धारदार असतात आणि बाजूचं लोखंड किंचित उचललेलं असतं. साच्यात ओतलेली अक्षरं साबणावरच्या नावासारखी गुळगुळीत असतात. लोखंडावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे किंवा साच्याच्या दोन भागांमधली रेघ दिसली की ते ओतीव. जुनी पिस्तुलं घडीव असत. कधी नळी तोंडाशीच दोन बोटं पोखरलेली असते आणि पुढे भरीव, किंवा कान आरपार नसतोच. आणि खैबर खिंडीकडच्या कारागिरांचे नमुने तर वेगळाच मासला. हाताने काम सुरेख, पण ज्या लिपीतली अक्षरं कोरायची ती वाचता येत नसल्याने एखादं अक्षर आरशातल्यासारखं उलटं. राणी व्हिक्टोरियाचा शिक्का आणि खाली ती 1901 मध्ये गेल्यानंतरची तारीख, असंही सापडतं. तेही आता जुनं म्हणून कोणी जमवतात, पण ते जे आहे त्या नावाने.

माझा सगळ्यात आवडता साक्षीदार म्हणजे स्क्रू. आट्यांना पहिलं प्रमाण माप दिलं व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने, 1841 मध्ये. त्याआधी प्रत्येक कारागिराचे आटे त्याच्या घरचे. एका पिस्तुलाचा स्क्रू दुसऱ्याला लागेलच असं नाही. डोक्यावरची खाच हाताने कापलेली, अरुंद, कधी मध्यापासून केसभर सरकलेली. फुलीची खाच असलेला स्क्रू दिसला तर तो 1930 च्या दशकानंतरचा, पिस्तूल कितीही जुनं असो. भाच्याच्या पिस्तुलाचे पाचही बाहेरचे स्क्रू बघितले. चार जुने. पाचवा, जो गजाची कडी नळीला धरून ठेवतो, त्याची खाच रुंद, तळ सपाट, यंत्राने कापलेली. गजाचा रंगही नळीपेक्षा फिकट, करडा. नळी तपकिरी, चहाच्या किटलीसारखी, तर गज नव्या सळईला कोणीतरी आम्ल लावून म्हातारं केल्यासारखा. मी त्या वेळी फक्त वहीत लिहून ठेवलं: "गज?"

तो तपकिरी थर महत्त्वाचा आहे. दीडशे-दोनशे वर्षांत लोखंडावर जो घट्ट, गडद, हाताला गुळगुळीत लागणारा थर बसतो, तो संग्राहकाला हवा असतो. भगवा, बोटाला लागणारा गंज वेगळा, तो चालू असलेला रोग आहे. मामींनी मला चहा दिला आणि पितळेच्या भागांना लावायला चिंचेचा कोळ काढून ठेवला होता. मी हात जोडले. चिंच, राख, लिंबू, पॉलिश पेपर, वॉर्निश, यातलं काहीही लावू नका. चकचकीत केलेल्या पिस्तुलाचं मोल झटक्यात उतरतं आणि ते परत आणता येत नाही. शिवाय शिक्के घासून निघतात, म्हणजे साक्षीदारच मारला. मऊ सुती कापडावर थेंबभर हलकं तेल घेऊन लोखंड पुसलं तरी पुरे. ठाण्याच्या पावसाळी दमटपणात चामड्याच्या खोळीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळू नका, दोन्ही ओल धरतात. तसंच परवान्याच्या कटकटीतून सुटायला म्हणून नळीला भोक पाडून पिस्तूल निकामी करून घ्यायची घाईही करू नका. आधी विचारा, मग काय ते.

आता भाच्याचा मूळ प्रश्न, पैसे.

त्याने तोवर इंटरनेटवर लंडनच्या लिलावांचे आकडे काढून गुणाकार करून ठेवले होते. ते आकडे इथे चालत नाहीत. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुराणवस्तू कायद्याखाली येते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. देशात विकायची तर वापरण्याजोगं हत्यार परवानाधारकालाच विकता येतं. म्हणजे गिऱ्हाईक मोजकी, आणि मोजकी गिऱ्हाइकं म्हणजे किंमत कमी. लंडनला जे पिस्तूल चांगल्या मोटारसायकलच्या पैशांत जातं, ते इथे पोलीस ठाण्याच्या कपाटात पावतीच्या भावात पडून राहतं.

बाकी भाव ठरतो तो असा. कारागीर कोण? कंपनीची लष्करी पिस्तुलं घाऊक बनायची, मॅन्टन बंधूंसारख्या लंडनच्या नामवंतांची एकेक. (म्हणूनच मॅन्टनचं नाव नको त्या पिस्तुलांवरही सापडतं.) जोडी आहे का? जोडीतलं एकटं पिस्तूल जोडीच्या अर्ध्याहूनही कमी धरतात. मूळ पेटी, साचे, दारूची कुपी असेल तर भाव चढतो. आणि सगळ्यांत वर, कोणाचं होतं, ते कागदावर आहे का? 2024 च्या जुलैमध्ये नेपोलियनची दोन पिस्तुलं फ्रान्समध्ये लिलावात जवळजवळ 17 लाख युरोंना गेली. 1814 मध्ये गादी सोडावी लागली तेव्हा याच पिस्तुलांनी जीव द्यायचं त्याच्या मनात होतं असं सांगतात. तो वाचला आणि ती पिस्तुलं त्याने ज्याला दिली, त्या सरदाराच्या घराण्यात ती पिढ्यान्‌पिढ्या राहिली. पिस्तुलं सुंदर आहेतच, सोन्या-चांदीची आहेत, पण पैसे मिळाले ते त्या न तुटलेल्या साखळीचे. ती साखळी नसती तर ती फक्त भारी पिस्तुलं होती.

वाटणीसाठी मी भाच्याला सांगितलं: विक्रीचा भाव, विम्याचा भाव आणि वाटणीत धरायचा भाव हे तीन वेगळे आकडे असतात. तिघा भावंडांनी वाटणीत ते नावापुरत्या आकड्याला धरा, आणि ज्याला परवान्यासाठी खेपा घालायची तयारी आहे त्याने ते घ्या. भाचा म्हणाला, "म्हणजे शेवटी मीच." खरं मोल हवंच असेल तर शस्त्रांचे अनुभवी मूल्यमापक असतात, त्यांच्याकडून लेखी घ्या, पण विकत घ्यायला उत्सुक असलेल्या माणसाकडून कधीच घेऊ नका. संग्रहालयातली माणसं ओळखायला मदत करतात, भाव मात्र सांगत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

दुसऱ्या दिवशी पिस्तूल जमा झालं. पावतीवर हवालदारांनी लिहिलं: "एक जुने ठासणीचे पिस्तूल, लाकडी मूठ, चालू अगर बंद समजून येत नाही." मी इतक्या तासांत जे शोधलं त्यापेक्षा हे वाक्य अचूक होतं.

आठवड्याने मामींचा फोन आला. भिंतीवरच्या तसबिरी काढताना पणजोबांचा स्टुडिओतला फोटो सापडला होता, पगडी, उपरणं आणि शेजारच्या तिवईवर ठेवलेलं पिस्तूल. भाच्याने तो मोबाईलवर मोठा करून पाठवला. घोडा तोच, मुठीवरचा पितळी तुकडा तोच. नळीच्या तोंडाशी कडीची जागा रिकामी होती, गज नव्हताच.

मी वहीतल्या "गज?" पुढचं प्रश्नचिन्ह खोडलं आणि लिहिलं, "नंतरचा." भाच्याला म्हटलं, आकडा थोडा उतरव, आणि तो फोटो फ्रेममधून न काढता तसाच जपून ठेव.